रिकामं पोतं

क्लिफर्ड रेस्ट्रिकने फार काही ठरवलं नव्हतं. माळावरची जमीन ओली असते, म्हणून बसायला पेंडीचं रिकामं पोतं न्यायचं, एवढंच ठरवलं होतं. (माणूस बुडतो तो अशाच छोट्या हुशारीत.)

त्याच्या बायकोचं, डोरीनचं, खुब्याचं हाड मोडलं होतं. यॉर्कशरमध्ये जन्म गेला, पण एकाही वसंतात तिचा माळ चुकला नव्हता. यंदा चुकला.

"रोज तुझा करपलेला टोस्ट खाते. तक्रार करते का?" ती अंथरुणातून म्हणाली.

"करतेस."

"ते सोड. कुरल पक्षी माळावर परतलेत. त्यांची शीळ मला ऐकव, मग हवा तसा टोस्ट जाळ."

म्हणून त्याने चर्चच्या पाद्रीबाबांकडून रेकॉर्डर मागून आणला. पहिल्या खेपेला नुसता वारा भरला. दुसऱ्या खेपेला बटण दाबायचंच राहिलं. आज रात्रीपर्यंत रेकॉर्डर परत द्यायचा होता, आणि संध्याकाळी डोरीनची बहीण मेव्हिस मुक्कामाला येणार होती. क्लिफर्डचे गुडघे बोलत होते, पण तो चढला. दगडी बांधाच्या आडोशाला माइक लावला, बटण दाबलं, पोतं पसरलं आणि त्यावर बसला.

पोतं करकरलं.

लांबवर एका मेंढीने मान वर केली. अख्खा हिवाळा शेजाऱ्याच्या मेंढ्यांना त्यानेच तर पेंड चारली होती, हेच पोतं खडखडवून! आता सगळी टेकडी कोकरांसकट खाली धावत सुटली.

"अगं बायांनो, रिकामं आहे!" क्लिफर्ड ओरडला, आणि पटावं म्हणून त्याने पोतं उलटं करून जोरात झटकलं.

पलीकडच्या उतारावरच्या राहिल्या होत्या, त्याही आल्या.

शेवटी तो थकून मटकन खाली बसला. एक म्हातारी मेंढी त्याच्या मांडीवर पाय देऊन बें बें करायला लागली.

"ओरड, तूही ओरड. घरी एक आहेच ओरडायला. आज तिची बहीण येतेय, ती तर तुझ्याहून जास्त खाते. मी दमलो गं. पण खरं सांगू? डोरीन बरोबर नसली की हा माळ म्हणजे नुसते दगड." तेवढ्यात डोक्यावरून कुरल शीळ घालत गेला. "ए, गप्प बसा गं! कुरल आलाय! गप्प!"

संध्याकाळी त्याने रेकॉर्डर डोरीनच्या उशाशी ठेवला. (आधी स्वतः ऐकून बघावं, हे सुचायला डोकं लागतं.) बें, बें, बें, मग क्लिफर्ड, मग एक अर्धी शीळ आणि तिच्यावर पुन्हा क्लिफर्ड.

डोरीनने तोंड खिडकीकडे फिरवलं.

"परत लाव."

"कुरल ना?"

"कुरल गेला खड्ड्यात. ते दगडांचं लाव." तिने डोळे पुसले.

त्याने लावलं. रेकॉर्डिंग थोडं जास्तच मागे गेलं. 'आज तिची बहीण येतेय'पासून सगळं पुन्हा, मोठ्याने वाजलं.

दाराशी बॅग खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"आले होते आठवडाभरासाठी," मेव्हिस कोट काढत म्हणाली. "आता पोट भरेपर्यंत राहते."