मयत आदिनाथ हजर!

आमच्या राहीबाईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पट्टी निघाल्यावर मी तिला लख्ख दिसलो आणि "अगं बाई, इतकं म्हातारं झालासा?" असं ती दवाखान्यातच ओरडली, त्या वर्षीची ही गोष्ट. म्हणजे दोन हजार चोवीस.

नात दिशा त्याच वर्षी नगरला वकिलीच्या पहिल्या वर्षाला लागली. तिच्या कॉलेजात खोटं कोर्ट भरवतात. त्याला मूट म्हणतात. खटला कागदावरचा, जज्ज म्हणजे त्यांचे सर, आणि पोरांनी खऱ्यासारखं भांडायचं! सोमवारी पहिल्या वर्षातली दोनच पोरं निवडून पुण्याच्या स्पर्धेला पाठवणार होते. दिशाला जायचंच होतं! अडचण एकच. घरात ही पोरगी म्हशीलासुद्धा मुद्देसूद झापते, पण चार माणसांपुढं उभी राहिली की आवाज भिजलेल्या फटाक्यासारखा!

"आबा, मागच्या सरावाला मी नुसतं 'महोदय' म्हणाले अन् खाली बसले," सुट्टीला घरी आली तेव्हा ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

"काळजी सोड! तुझा आबा बसतो जज्ज!"

पंचावन्न वर्षांचा होईपर्यंत मी अंगठा उठवत होतो. पण साक्षरतेच्या वर्गात अक्षरं शिकलो, तेव्हापासून हाती आलेला एक कागद वाचल्याशिवाय सोडलेला नाही. जज्ज व्हायला आणखी काय लागतं?

शनिवारी राहीबाई काष्टीच्या बाजाराला गेली. मैदान मोकळं! मी खटल्याचा कागद वाचला. 'क्ष' नावाचा इसम मयत. मृत्युपत्रावर त्याचा अंगठा, आणि सगळी जमीन पुतण्याला. मुलगी म्हणते, अंगठा खोटा. दिशा त्या मुलीची वकील.

"ह्यो क्ष कोन?"

"कुणीच नाही, आबा. नाव दिलेलंच नाही."

"मग पोटातनं आवाज कसा यील? क्षसाठी कुनी रडतं व्हय? आपल्यातलं नाव घे!"

आता, मारायला माणूस शोधायचा म्हटल्यावर नवऱ्याला मेहुणाच सुचणार! श्रीगोंद्याचा आदिनाथ. राहीबाईचा पाठचा भाऊ, बैलासारखा धडधाकट गडी.

मग मी बाज उचलली आणि पार कुंपणापाशी नेऊन बसलो. "बोल आता! मला हितं ऐकू आलं पायजे!"

"महोदय, मयत आदिनाथ..."

"ऐकू न्हाई!"

"मयत आदिनाथ!"

"काय झालं आदिनाथला? मोठ्यानं!"

"मेले, महोदय! आदिनाथ मेलेऽ!"

आळी हादरली! मी खूश. कुंपणापलीकडं शेजारची रंगुबाई शेंगा फोडत बसली होती, हे मात्र जज्जाच्या ध्यानात आलं नाही.

अर्ध्या तासात ती डोळ्याला पदर लावून दारात हजर! हातात पिठल्याचं पातेलं. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजाऱ्यांनी जेवण न्यायचं, ही आमच्याकडची रीत. मागं भाकऱ्या घेऊन वीस बायका आणि टोप्या हातात धरून पंधरा गडी.

"अगं, ते मरन खोटं हाय!" मी ओरडलो.

"पहिल्यांदा समद्यांनाच खोटं वाटतं, भाऊजी," रंगुबाई माझ्या डोळ्यांत बघून मायेनं म्हणाली.

तेवढ्यात राहीबाई बाजारातून आली. दारात गर्दी बघितली, पिशवी टाकली आणि काय झालं हे विचारायच्या आधीच तिनं हंबरडा फोडला. कांदे गडगडत गोठ्यापर्यंत गेले!

तेवढ्यात एक टेम्पो करकचून थांबला. गर्दी बघून, कोण गेलं हे न विचारताच कुणीतरी श्रीगोंद्याला फोन केला होता, "दाजींच्या घरी मयत झालंय, निघा!" टेम्पोतून आदिनाथनं उडी मारली आणि "दाजी गेलंऽ!" करत तो थेट माझ्याच गळ्यात पडून रडायला लागला. मग थबकला. मला चाचपून बघितलं.

"दाजी, मग गेलं कोन?"

"तू!"

राहीबाईनं भावाला वरून खाली न्याहाळलं. "ह्यो तर जित्ता हाय! का माजं डोळंच परत बिघडलं?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. आदिनाथनं माझ्या हातातला कागद हिसकावला. मी घाईघाईनं खटला सांगितला, तसा तो मरण विसरून जमिनीवर आला. "माजं रान पुतन्याला? मी असला अंगठा दिलाच न्हाई!"

"मी तेच तर म्हणतेय, महोदय!" दिशा एकदम ओट्यावर चढली.

"पन पुतन्यानं शेवटपत्तुर सांभाळलं असंल तर?" रंगुबाई.

"सांभाळलं म्हणून अंगठा खरा होत नाही, मावशी! साक्षीदार कुठंयत?"

इकडून प्रश्न, तिकडून प्रश्न, मधूनच मयताची हरकत! पोरगी एकेकाला उत्तर देत होती आणि आवाज कॅनॉलपर्यंत जात होता! पिठलं-भाकरी संपली तरी कुणी उठेना.

सोमवारी सरांनी तिला मध्येच अडवलं. "मयताच्या मनात काय होतं, हे तुम्ही कशावरून सांगता?"

दिशानं हातातला कागद खाली ठेवला. मग तिला काय आठवलं कोण जाणे, ती हसली. "महोदय, मयताशी माझं सविस्तर बोलणं झालंय!"

कोर्ट खदखदून हसलं. मग ती अशी बोलली, अशी बोलली, की निवड झाली! आदिनाथनं गावभर पेढे वाटले. "माज्या मरनानं पोरगी पुन्याला निघाली!"

तेव्हापासून आमच्या घरच्या वाईट बातमीवर कुणी विश्वास ठेवत नाही. यंदा मी वीस जणांना फोन केले. बहुतेकांनी हसून विचारलं, "आता कवा हाय दिशाची स्पर्धा?" म्हणून इथं लिहून ठेवतो. माझा मेहुणा आदिनाथ सोळा जानेवारी दोन हजार सव्वीस रोजी पहाटे श्रीगोंद्यात वारला. खाली अंगठा नाही, माझी सही आहे.