चाळीस दिवसांची थरथर

अख्खी गल्ली त्यांना वहिनी म्हणते, तेव्हा आपणही वहिनीच म्हणू. वहिनींच्या तोंडी यजमानांना एकच नाव आहे, ‘अहो’. (खरं नाव शाळेच्या दाखल्यावर आहे आणि तिथेच बरं आहे.) तेव्हा ते आपले अहो.

तर एका सोमवारी सकाळी वहिनींनी देवापुढे हात जोडले आणि एक छोटासा संकल्प सोडला. “यांचं यंत्र पास होऊ दे. मी चाळीस दिवस रागावणार नाही.”

व्रतं वहिनींना नवी नव्हती. सासूबाईंच्या गुडघ्यासाठी त्यांनी सहा महिने साखर सोडली होती. (उतार गुडघ्याला पडला नाही, वहिनींच्या वजनाला पडला. देव कुठल्या दारानं येईल, सांगता येत नाही.) पण साखर डब्यात असते, डबा बंद करता येतो. राग कुठे असतो ते वहिनींना त्याच दिवशी कळलं. तो स्वयंपाकघरात, कपडे धुण्याच्या मशीनपाशी उकिडवा बसलेला असतो, हातात पाना घेऊन.

अहो विजेच्या मोटारींच्या कारखान्यात फिटर. साऱ्या जगाच्या मोटारी गोल फिरतात, पण अहोंनी दोन वर्षं खपून एक सरळ जाणारी मोटार केली होती. नळीत तारेचं वेटोळं आणि वेटोळ्यात लोहचुंबकाचा दांडा. वीज दिली की दांडा गोल न फिरता मागेपुढे धावायचा. सोबत एक डबी. यंत्र कुठल्या बाजूला थरथरतंय ते डबीला कळायचं आणि ती दांड्याला बरोबर उलट्या बाजूनं धक्का द्यायला लावायची.

“थरथर इकडून, धक्का तिकडून,” अहो सासूबाईंना समजावत होते. “दोघं एकमेकांना भिडतात आणि सगळं शांत.”

“तुम्हा नवराबायकोत भिडणं होतं,” सासूबाई म्हणाल्या. “शांत व्हायचं राहतं.”

कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी मात्र अट घातली होती. “टेबलावर सगळंच चालतं. एखाद्या घरातल्या मशीनला चाळीस दिवस लावा, मग मी येऊन बघतो. पटलं तर आपण हे बनवू. नाही तर तुम्ही आणि तुमच्या गोल मोटारी!” घर म्हणजे कुणाचं, हे अहोंनी वहिनींना विचारलं नव्हतं.

वहिनींचं मशीन चांगलं होतं. फक्त कपडे पिळायला लागलं की ओट्याखालून निघून दारापर्यंत फिरून यायचं. वहिनींनी त्याच्या डाव्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली होती आणि सासूबाई स्टूल घेऊन त्याला पाठ टेकून बसत. मशीन जागेवर राही, सासूबाईंची पाठ मोकळी होई. घर सुखात होतं.

अहोंनी पहिल्याच दिवशी मशीनला आपलं यंत्र बसवून पुठ्ठा उपसून काढला.

“हा काय अडाणीपणा?” ते पुठ्ठा शेपटीनं धरलेल्या उंदरासारखा लांब धरून म्हणाले.

अडाणीपणा! सहा वर्षं त्या पुठ्ठ्यानं घर सांभाळलं होतं! वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण संकल्प आठवला. त्यांनी तांब्या उचलला, तोंडात घोटभर पाणी घेतलं आणि तसंच धरून ठेवलं. तोंड भरलेलं असलं की बोलता येत नाही. युक्ती साधी, पण नामी.

मग रोज काही ना काही. बाराव्या दिवशी चुंबकाच्या दांड्यानं ओट्यावरचे सगळे चमचे ओढून घेतले आणि अहो म्हणाले, “बघ, काय ताकद आहे!” वहिनींच्या तोंडात पाणी. सव्विसाव्या दिवशी वंगणाचा डाग पांढऱ्या उशीवर. पाणी. एकोणचाळिसाव्या दिवशी तर कहर झाला. मशीनचा तोल मुद्दाम बिघडवून बघायचा म्हणून अहोंनी दगडी खलबत्ता पिळायला घातला आणि खलबत्त्याला लागू नये म्हणून तो वहिनींच्या नव्या चादरीत गुंडाळला.

खलबत्त्याला लागू नये म्हणून! चादरीला सात भोकं पडली. वहिनींनी मोजली, तोंडात पाणी धरून.

पण मशीन? ते जागचं हललं नव्हतं. झाकणावर काठोकाठ भरलेला पेला ठेवला होता, त्यात तरंगसुद्धा उठला नव्हता. वहिनींनी ते पाहिलं आणि भोकांसकट चादर घडी करून ठेवली. एकोणचाळीस दिवस शब्दानं रागावले नाही, देवानं ऐकलं म्हणायचं!

चाळिसाव्या दिवशी अकराला साहेब यायचे होते. सकाळी वहिनींनी घर लख्ख केलं, मशीनही पुसलं. त्याच्या बाजूला ती डबी चार चुंबकांवर चिकटवलेली होती. तिच्यावर थरथर जाणवली की लागणारा एक लाल दिवा आणि अहोंनी आदल्या रात्रीच रंगवलेली कारखान्याच्या नावाची अक्षरं. ती उलटी! अख्खं नाव डोकं खाली, पाय वर. साहेब येणार आणि त्यांच्याच कारखान्याचं नाव शीर्षासन करतंय? (वहिनींना भिंतीवरचं कॅलेंडर वाकडं दिसलं तरी घास उतरत नाही.) त्यांनी डबी अलगद उपटली, फिरवून सुलटी लावली आणि फडक्यानं चमकवली.

साहेब आले. अहोंनी मशीनमध्ये कपडे भरले, झाकणावर काठोकाठ पेला ठेवला. सासूबाईंनी चहा दिला. वहिनी दाराशी उभ्या.

“बघा हं,” म्हणत अहोंनी बटण दाबलं.

पेला पहिल्याच सेकंदाला गेला. मशीन आधी हुंकारलं, मग डोलू लागलं, आणि मग ओट्याखालून असं बाहेर पडलं, जणू कुणी हाकलून दिलंय! उजवा पाय, डावा पाय, थेट साहेबांकडे. साहेब कपबशी सांभाळत मागे सरकले. पाठीमागे भिंत.

“हे थरथर थांबवणारं की वाढवणारं?” साहेब ओरडले.

“काल शांत होतं साहेब! आईशप्पथ!”

“माझी कशाला शपथ घेतोस, मी काय केलं?” सासूबाई स्टुलावर चढून बसल्या.

वहिनींचा संताप आता गळ्याशी आला. चाळीस दिवस! चमचे, उशी, चादर सगळं पोटात घातलं, आणि आज हे? त्यांनी तांब्या तोंडाला लावला आणि गाल टम्म फुगवले.

अहो जमिनीवर पालथे पडून मशीनच्या बाजूला बघत होते. “अरे देवा! डबी! डबी फिरवली कुणीतरी! आता ती थरथरीच्याच बाजूनं धक्का देतेय! कुणी उलटी केली ही?”

उलटी? उलटी! स्वतः उलटी लावून ठेवायची आणि वर चोराच्या उलट्या बोंबा? वहिनींचा बांध फुटला. आधी पाणी बाहेर आलं, थेट साहेबांच्या चष्म्यावर, आणि पाण्यामागोमाग चाळीस दिवस.

“उलटी तुम्ही लावली होती! मी सुलटी केली! घरातली एक वस्तू तुम्हाला सरळ ठेवता येत नाही!”

अहोंनी मशीन बंद करून डबी पुन्हा फिरवली आणि बटण दाबलं. मशीन देवळातल्या कासवासारखं स्थिर.

वहिनी मटकन खाली बसल्या. साहेबांच्या अंगावर चूळ! व्रत चाळिसाव्या दिवशी मोडलं आणि नवऱ्याचं यंत्र आपल्याच हातानं बुडवलं. डोळ्यांत पाणी आलं. (तोंडातलं संपलं होतं.)

“साहेब, माफ करा. चूक माझी. यांच्या यंत्राला बोल लावू नका. मी चाळीस दिवस एकदाही रागावले नव्हते हो, आजच तेवढं...”

साहेब चष्मा पुसत होते. पुसून झाला तसे ते ओट्यावरच्या कागदाच्या लांब पट्टीकडे वळले. डबीला जे जे जाणवेल त्याची रेघ एक पेन त्या पट्टीवर रोज काढत असे.

“ही उडी कसली?” साहेबांनी बोट ठेवलं. “पहिला दिवस, सकाळी नऊ. मशीन बंद होतं म्हणून लिहिलंय.”

अहो घुटमळले. “त्या दिवशी मी पुठ्ठा काढला होता.”

“आणि ही, बाराव्या दिवशी?”

“चमचे. म्हणजे चमच्यांनंतर... पातेलं.”

“कुठलं पातेलं?”

आता सासूबाईंना राहवेना. “अहो साहेब, तोंडात पाणी धरलं म्हणून हातात कुणी पाणी धरतं का? चाळीस दिवस ही बोलत नव्हती, भांडी बोलत होती! ओट्यावर असं पातेलं आपटायची की माझी कवळी हलायची.”

“काहीतरीच काय, आई!” वहिनी उसळल्या. “मी भांडी रोजच्यासारखीच ठेवत होते!”

“हातच्या कांकणाला आरसा कशाला?” सासूबाईंनी पट्टीकडे बोट दाखवलं. एकोणचाळिसाव्या दिवशी तर रेघ कागदाबाहेर गेली होती.

साहेब पट्टीवर वाकून राहिले. “म्हणजे ओट्यावर आपटलेलं भांडंसुद्धा ही डबी पकडते? वेगवेगळं? आणि हा दांडा त्यालाही उलटा धक्का देऊन मशीन स्थिर ठेवतो?” त्यांनी अहोंच्या पाठीवर थाप मारली. “एवढं बारीक काम आपल्याकडे कुणी केलेलं नाही. पास! फक्त डबी एकाच बाजूनं बसेल अशी खाच करा. घरोघरी वहिनी असतात.”

अहो लहान मुलासारखे हसले. वहिनींनी मनातल्या मनात हात जोडले. व्रत पहिल्याच दिवशी मोडलं होतं, हे देवाला ठाऊक असूनही त्यानं हात आखडता घेतला नव्हता. भोळा आहे बिचारा.

आठवड्यानं कारखान्याचा मंजुरीचा कागद आला. अहोंनी मोठ्यानं वाचला. चाचणीची जागा, घर. चाचणीचे दिवस, चाळीस. थरथरीची कारणं: एक, धुण्याचं मशीन. दोन, गृहिणी.

“गृहिणी?” वहिनी ओट्याशी होत्या. “मी थरथरीचं कारण? चांगल्या बाईबद्दल असं छापायचं? पण नाही, मी रागावणार नाही. मी आता शांत झालेय.” आणि त्यांनी हातातलं झाकण शांतपणे पातेल्यावर ठेवलं.

“दिवा लागला गं,” सासूबाई स्टुलावरून म्हणाल्या.