वैशाखातली द्राक्षं

मुलांनो, मांडी घालून बसा. एका जंगलात द्राक्षाची बाग होती. जंगलात द्राक्षबाग कशी, असा प्रश्न ज्याला पडला असेल त्याने बाहेर जाऊन उभं राहावं. ही गोष्ट त्याच्यासाठी नाही.

बाग साळूताई नावाच्या एका साळिंदराची होती. साळूताई बोलायला फटकळ आणि कामाला पक्की होती. तिची द्राक्षं फाल्गुनात पिकत. घड उतरवून झाले की चैत्रात ती सगळ्या वेली दातांनी छाटून पार भुंड्या करी. याला खरड छाटणी म्हणतात. छाटलेली बाग बघवत नाही. पण त्या भुंड्या खोडांना नवे फुटवे येतात, ते चैत्र-वैशाखाचं ऊन खातात आणि त्या उन्हावरच पुढच्या वर्षीचे घड काडीच्या पोटात धरतात. छाटणी चुकली की वर्ष चुकलं. साळूताईची छाटणी आजवर एकदाही चुकली नव्हती.

त्या जंगलात दर हिवाळ्यात उत्तरेकडून एक चक्रवाक पक्षी येई. तो फार लांबून येत असल्यामुळे त्याचं सगळं खरं मानत. एकदा तो भर दरबारात म्हणाला, "आमच्याकडे ऐन उन्हाळ्यात द्राक्षबागेत उत्सव भरतो. गाणी होतात, नाच होतो. पाहुणे आपल्या हाताने घड तोडतात आणि मोठ्या टोपात उभे राहून पायांनी द्राक्षं तुडवतात."

जंगलाचा राजा वाघ होता. त्याला ही कल्पना आवडली. वाघाला आवडली म्हणून सगळ्यांना आवडली.

"आपणही भरवू," वाघ म्हणाला. "वैशाखी पौर्णिमेला. शहराकडच्या प्राण्यांना बोलवा. त्यांना ग्रामीण जीवन कधी बघायला मिळत नाही."

साळूताई मागच्या रांगेतून उठली. "महाराज, वैशाखात आपल्याकडं द्राक्षं नसत्यात. त्या पाव्हण्यांच्या मुलखातला उन्हाळा निराळा, आपला निराळा. वैशाखात माझ्या बागंत निस्ती खोडं अन् कोवळं फुटवं असत्यात."

वाघाचे प्रधान म्हणजे हुप्पेसाहेब नावाचे वानर. त्यांनी घसा साफ केला.

"तुमची द्राक्षबाग आहे की नाही?"

"हाय की."

"मग द्राक्षं नसण्याचा प्रश्न येतो कुठे? छाटणी उत्सवानंतर करा."

"ज्येष्ठात? तवर आभाळ भरून येतं, सायेब. ऊन न्हाई घावलं तर घड धरत न्हाई. छाटणी चुकली तर पुढल्या फाल्गुनात एक मणी दिसायचा न्हाई."

"छाटणी पुढे ढकलता येते, साळूताई. उत्सव ढकलता येत नाही. निमंत्रणं गेली आहेत."

निमंत्रणं गेलेली नव्हती. ती लगेच पाठवण्यात आली.

चैत्र लागला तसा चक्रवाक उत्तरेला परत गेला. त्याला इथला उन्हाळा सोसत नसे. साळूताई रोज सकाळी बागेत जाई, एकेका वेलीपाशी थांबे आणि काही न करता परत येई. तिचे दात शिवशिवत. जुनी पानं पिवळी पडत चालली होती. तिला फार वाईट वाटे, आणि ते सांगण्यासारखं जंगलात कोणी नव्हतं, कारण बाकीचे सगळे नाचाची तालीम करत होते.

राजाच्या थंडगार गुहेत फाल्गुनातली द्राक्षं ठेवलेली होती. ती साळूताईच्याच बागेतली होती. सुगरण पक्ष्यांना बोलावून ती गवताच्या दोऱ्यांनी तिच्याच वेलींना बांधण्यात आली. सुगरणींना गाठी मारण्यातलं सगळं कळे आणि द्राक्षातलं काही कळत नसे. काही घड पानांच्या टोकांना लागले, काही जमिनीलगत खोडाला, आणि एक मांडवाच्या खांबाला.

पौर्णिमेला पाहुणे आले. झुपकेदार पामेरियन कुत्र्या आल्या, पर्शियन मांजरी आल्या, पांढरे उंदीर आले. एक पोपट पिंजऱ्यासकट आला. प्रत्येकाला फेटा बांधण्यात आला. साळूताईलाही बांधायचं ठरलं होतं, पण फेटा काट्यांवर बसेना. तेव्हा तिला जरा मागे उभं राहायला सांगितलं.

बैलगाडीतून सफर होती. बैलाने नकार दिला नाही. त्याला कोणी विचारलंच नव्हतं. चुलीवरची भाकरी होती. ती कशाशी खातात, असं एका उंदराने विचारलं, तेव्हा त्याला दुसरी भाकरी देण्यात आली. मग टोपात द्राक्षं ओतली आणि मांजरी आत उतरल्या. कुंपणाबाहेरून एक रानडुक्कर हे बघत होतं.

"साळूताय," ते म्हणालं, "आमी बागंत शिरून तुडवली तर तुमी दगडं घिऊन मागं लागता."

"व्हय," साळूताई म्हणाली.

ब्राउनी नावाच्या एका पांढऱ्याशुभ्र पामेरियनने खांबावरचा घड तोडला आणि डोळे मिटून एक मणी खाल्ला. "वेलीवरून तोडून खाण्याची मजाच वेगळी," ती म्हणाली. मग तिला साळूताई दिसली. "तुम्ही कोण?"

"बाग माझी हाय."

"अय्या, हो? मग फेटा नाही बांधला तो?"

उत्सव फार चांगला झाला. सगळे तसं म्हणत होते. बोभाटा झाला तो एकच. एका चिकित्सक उंदराला घडाच्या देठाला गाठ सापडली. हुप्पेसाहेबांनी त्याला सांगितलं की ही या जंगलातली खास जात आहे. उंदराने ते लिहून घेतलं.

पाहुणे पंधरवडाभर राहून गेल्यावर साळूताईने छाटणीला तोंड घातलं. ज्येष्ठ लागला होता. अर्धी बाग छाटून होते न होते तोच आभाळ भरून आलं आणि पुढचे दोन महिने ऊन पडलं नाही. वेली वाढल्या, भरपूर पानं आली. फाल्गुनात साळूताईने एकूण एक पान उलटून पाहिलं. घड नव्हता. ती बांधावर बसून रडली. साळिंदराला कोणी जवळ घेऊ शकत नाही, त्यामुळे ती एकटीच रडली.

मग डोळे पुसून ती दरबारात गेली.

"महाराज, औंदा बागंत एकबी घड न्हाई."

वाघाने प्रधानांकडे पाहिलं. हुप्पेसाहेबांना प्रश्न नीटसा कळला नाही.

"गेल्या वर्षी उत्सवात तरी कुठे होते?" ते म्हणाले.

साळूताई एक पाऊल पुढे आली.

"यंदाच्या उत्सवाचे घड दक्षिणेकडच्या जंगलातून येणार आहेत," हुप्पेसाहेब म्हणाले. "जास्त मोठे आहेत. तुमच्या वेली मात्र हव्यातच. यंदा पानं काय सुरेख आली आहेत."

"मग मला येवढ्या चैत्रात तरी छाटू द्या. हातापाया पडते."

"छाटणी?" हुप्पेसाहेबांना ही कल्पना आवडली. "उत्सवात ठेवू. दुसऱ्या दिवशी, चहानंतर. प्रत्येक पाहुणा एकेक काडी तोडेल."

आणि त्याच दरबारात साळूताईला द्राक्षभूषण हा किताब देण्यात आला. मानपत्रात लिहिलं होतं की ऐन वैशाखात पानांनी भरलेली राहणारी ही पंचक्रोशीतली एकमेव बाग आहे. हे अगदी खरं होतं. बाकीच्या बागांची छाटणी झालेली असे.

यंदा देठाच्या गाठीवरून बोभाटा नको होता. म्हणून वैशाखात सुगरण पक्ष्यांवर देखरेख करायला साळूताईची नेमणूक झाली. ती वेलींमधून हिंडे, पायाने काडी दाखवी आणि म्हणे, "हितं न्हाई, वर बांध. तिसऱ्या पानासमोर." सुगरणी मुकाट ऐकत. घड वेलीला नेमका कुठे येतो, हे त्या जंगलात तिच्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं.

त्या वर्षी एकाही पाहुण्याला गाठ दिसली नाही.

तात्पर्य: मुलांनो, मोठे झालात की घड पिकवायला शिकू नका, बांधायला शिका. पिकवणाऱ्याला हंगाम सांभाळावा लागतो, बांधणाऱ्याला फक्त पाहुणे. आणि पिकवायला आधीच शिकला असाल, तर घाबरू नका. बांधताना त्याचा फार उपयोग होतो.