अळगप्पनची कंटिन्युटी

अळगप्पनच्या मिशीचं डावं टोक उजव्यापेक्षा गव्हाच्या दाण्याएवढं आखूड होतं, आणि त्या दाण्याची तो जेवढी राखण करायचा तेवढी कुठल्या बँकेच्या तिजोरीचीही होत नसेल. बहारीनला झिंजमधल्या आमच्या बिल्डिंगखाली एक मल्याळी न्हावी होता. दर गुरुवारी अळगप्पन त्याच्या खुर्चीत बसायचा, खिशातून स्वतःचा एक फोटो काढून आरशाला टेकवायचा आणि बजावायचा, "ऐसाच. जरा भी डिफरन्स नहीं." मग तो न्हावी श्वास रोखून, मोतीबिंदू काढावा तशी कात्री चालवायचा. एकदा मागे ताटकळलेल्या एका अरबाने "यल्ला, यल्ला" केलं आणि न्हाव्याचा हात हलला. अळगप्पन पंधरा दिवस तोंडाला रुमाल बांधून फिरला. लोकांना वाटलं, कसलीशी साथ आली. दुसऱ्या दिवशी म्हणे सलमानियाच्या इस्पितळात रुमालवाल्यांची रांग लागली. म्हणे म्हणजे, मीच म्हणे.

या सगळ्याचं कारण त्याच्या मते एकाच शब्दात मावत होतं. कंटिन्युटी.

सलमाबादच्या गोडाऊनमध्ये स्टोअरकीपर हा त्याने वेळ घालवायला धरलेला उद्योग. मूळचा तो तमिळ सिनेमातला नट. मद्रासला वर्षानुवर्षं गर्दीत उभं राहिल्यावर त्याला एकदाचा रोल मिळाला, हीरोच्या धाकट्या भावाचा. आई खाटेवर तापाने फणफणलेली. धाकटा म्हणतो, "औषध घेऊन येतो, अम्मा," आणि दारातून बाहेर पडतो. एवढं चित्रीकरण झालं आणि त्याच संध्याकाळी प्रोड्यूसर बुडाला. डायरेक्टरने सगळ्यांना सांगितलं, "काम परत सुरू होणार आहे. तोवर केस, मिशी, वजन, काही बदलू नका. पुढच्या शॉटमध्ये माणूस तसाच दिसला पाहिजे." बाकीचे घरी जाऊन दाढ्यामिश्या उतरवून मोकळे झाले. अळगप्पन तीच मिशी आणि त्या दिवशीचा सेटवरचा फोटो घेऊन बहारीनच्या विमानात बसला.

म्हणजे सिनेमाच्या हिशेबाने हा माणूस गेली आठ वर्षं औषध आणायला गेलेला होता.

माझी बायको मंदा त्याला छेडायची. "भाईसाब, तब तक वो बुढ्ढी रहेगी क्या?"

तो गंभीरपणे सांगायचा, "सिनेमा में टाइम नहीं जाता, भाभी. मैं बाहर गया, कट. मैं अंदर आया. बीच में एक सेकंड."

त्या एका सेकंदात मी त्याला काय काय करताना पाहिलं! त्या दिवसाचा निळ्या चौकड्यांचा शर्ट ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांत झोपलेला असे. त्याचं दुसरं बटण तेव्हा तुटलेलं होतं, म्हणून ते कुणाला लावू द्यायचा नाही. आमच्याकडे दिवाळीला एक चकली खायचा, दुसरी पुढे केली की पोटावर हात ठेवून म्हणायचा, "कंटिन्युटी जाएगा." खाडीयुद्धात भोंगे वाजले तेव्हा अख्खी बिल्डिंग पासपोर्ट घेऊन जिना उतरली. हा फोटो आणि मिशीचा कंगवा घेऊन उतरला. कंपनी दर दोन वर्षांनी सुट्टी द्यायची. आम्ही घोंगड्या, अत्तरं, टेपरेकॉर्डर असा उंटाला झेपणार नाही एवढा बाडबिस्तरा बांधून गावी निघायचो, आणि अळगप्पन आम्हाला विमानतळावर पोचवायला यायचा. स्वतः कधीच गेला नाही. सुट्टी साठवायचा. शूटिंगचं बोलावणं आलं आणि रजा शिल्लक नसली तर?

आमची दोस्ती जमली ती ळमुळे. बहारीनमध्ये पंजाब्यांपासून पाकिस्तान्यांपर्यंत सगळे त्याला 'अलगप्पन' म्हणत. आम्ही मात्र नावातला ळ जिभेवर पुरता घोळवायचो, आणि तो खूश व्हायचा. शुक्रवारी दुपारी जेवायला यायचा आणि संध्याकाळपर्यंत उठायचा नाही. वरच्या मजल्यावरच्या त्याच्या खोलीत जाऊन करायचं तरी काय होतं?

एकदा मी त्याला म्हटलं, "अरे यार, किसी और को लेके पिक्चर पूरा करेंगे. तेरे बिना क्या अटका है?"

त्याने माझ्याकडे लहान पोराकडे बघावं तसं बघितलं. "इधर मैं गया तो कंपनी को कल दूसरा आदमी मिलता है. उधर बाहर मैं गया है. अंदर भी मैं ही आना पड़ेगा ना?"

मी त्याच्या कपात आणखी चहा ओतला.

आणि एका बुधवारी कोपऱ्यावरच्या व्हिडिओच्या दुकानातले हसनमियाँ, मूळचे रत्नागिरीचे, मला हाक मारून म्हणाले, "भाऊ, तुमच्या त्या मिशीवाल्याचा पिक्चर आलाय की! प्रिंट कशी हाय ती बगायला पाच मिनटं लावलाव, तर मिशीच वळखली मी."

पिक्चर पुरा झाला होता. मग दारातून आत कोण आलं?

शुक्रवारी अळगप्पन आमच्याकडे आला तो इस्त्रीचे कपडे घालून. "वो अंदर आने का शॉट काट दिया होगा," दारात चपला काढताना तो म्हणाला. "डायरेक्ट दवा पिलाता है, ऐसा भी बनाते हैं." मंदाने स्वयंपाकघरातूनच "बोलावा मला तो आला की" असं सांगितलं. मी कॅसेट लावली.

आला! पडद्यावर कोवळा, हाडकुळा अळगप्पन आला. डावं टोक गव्हाएवढं आखूड. मी मंदाला ओरडून बोलावलं. त्याने खाटेवरच्या बाईला "अम्मा" म्हटलं आणि दारातून बाहेर पडला. आम्ही टाळ्या वाजवल्या.

मग नुसता ब्रेकचा आवाज. करकचून. आणि पुढच्या दृश्यात भिंतीवर हार घातलेला फोटो. न्हाव्याच्या आरशाला टेकायचा तोच, मोठा केलेला.

आमच्या टाळ्या हातातल्या हातात राहिल्या. मंदा परत आत गेली. हीरो थोडा रडला, आणि आता गाणं सुरू होणार एवढ्यात अळगप्पनने उठून व्हीसीआरचं बटण दाबलं.

"प्रिंट अच्छा है," तो म्हणाला आणि वर निघून गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दारात एक अनोळखी माणूस उभा. वरचा ओठ कोंबडीच्या पिसं काढलेल्या मानेसारखा पांढरा. आवाजावरून कळलं, अळगप्पन. सकाळी गोडाऊनच्या गेटवर वॉचमनने ओळखपत्रावरचा फोटो बघून "मफी, मफी", म्हणजे नाही, नाही, करत त्याला अर्धा तास बाहेर उभं केलं होतं.

"मूछ कहाँ गया?" मी विचारलं.

"छोटा भाई एक्सपायर हो गया ना," तो म्हणाला. "उतारना पड़ता है."

आणि तो जिना चढून गेला. मला हसू फुटणार होतं. हा किस्सा झिंजभर कसा सांगायचा, तेही मनात जुळायला लागलं होतं. तेवढ्यात स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज झाला. बघतो तर मंदा डाळीचं पीठ कालवत होती.

आमच्याकडे घरात माणूस गेलं की त्या घरची चूल पेटत नाही. शेजारी पिठलं-भात करून नेतात. मी मंदाकडे बघितलं. ती म्हणाली, "बघताय काय? भात झाकून घ्या आणि चला वर."

अळगप्पनने आमच्या हातातली भांडी बघितली आणि दार पुरतं उघडलं. "हमारे में भी बाजूवाला लाता है," एवढंच म्हणाला. खाली फरशीवर बसला. दोन घास खाल्ल्यावर आपणहून बोलायला लागला.

"भाभी, मेरा माँ पैदा होते ही गया. मामा के घर बड़ा हुआ. किसी को अम्मा बोला ही नहीं था. उस दिन शूटिंग में पहला बार बोला. डायरेक्टर ओके बोलने वाला था, मैं जान के गलती किया. फिर से बोला. फिर गलती किया. सब गाली दे रहे थे. वो अम्मा कुछ नहीं बोली. हर टेक के पहले मेरा कॉलर सीधा करती थी."

मंदाने त्याच्या पानात आणखी भात वाढला.

"आगे मैंने देखा नहीं," तो म्हणाला. "आप देखा? दवा नहीं आया, तो अम्मा का क्या हुआ?"

शुक्रवारी तो वर गेल्यावर मी पुढचा पिक्चर एकट्याने बघितला होता. गाणं संपल्या संपल्या म्हातारी मरते. दाराकडे डोळे लावून.

"ठीक हो गई," मी म्हटलं. "बाजूवाला एक आदमी था, वो दवा लेके आया."

"हाँ ना," मंदा म्हणाली. "दूसरे दिन तो उठके बैठी." आदल्या दिवशी त्या फोटोनंतर ती स्वयंपाकघरातून बाहेरही आली नव्हती.

अळगप्पनने पानातला भात कालवला.

"अच्छा हुआ," तो म्हणाला. "मेरे को बहुत देर हो गया."