उलट्या गियरचा पोळा

यंदाच्या पोळ्यात गावाच्या तोरणाखाली, बैलांच्या रांगेत आपला ट्रॅक्टर उभा करायचा, एवढंच मी ठरवलं होतं. यात कुणाचं काय वाईट होतं, तुम्हीच सांगा.

बैलजोडी विकून अमरावतीच्या गयासुद्दीनभाईंच्या दुकानातून मी हा विलायती ट्रॅक्टर आणला, तेव्हा नांदगाव खंडेश्वरपासून आमच्या गावापर्यंत माणसं झाडांवर चढून बघत होती. (मी हॅट घातली होती. ती कशासाठी, हे मलाही सांगता येणार नाही.) पुढे जगात मंदी आली आणि ट्रॅक्टर बनवणारी ती विलायतेतली कंपनीच बुडाली. ही बातमी आली त्याच आठवड्यात माझ्या ट्रॅक्टरच्या गियरचे दात पडले. मायबाप गेल्याचं त्यालाही कुणी कळवलं असावं.

सत्यवती, म्हणजे आमचं कुटुंब, पदर खोचून समोर उभी राहिली.

"आता वावर कशानं नांगरता? हॅटीनं?"

"सुटा भाग घेऊन येतो ना."

"कोठून? कंपनी तं मेली. आइका, पोयाच्या दिवशी हा तुमचा बैल सोताच्या पायानं तोरणाखाली आला, तं शेतीचा कारभार तुमचा. नाई आला, तं उद्यापासून माहा भाऊ पाहीन."

तिचा भाऊ म्हणजे शेषराव. मला 'जवाईबापू' म्हणताना त्यातल्या 'बापू'वर हसणारा माणूस. याच्या हाती कारभार गेला असता, तर मला माझ्याच वावरातला हुरडा मागून खावा लागला असता. मी मिशीला पीळ भरला आणि अमरावती गाठली.

गयासुद्दीनभाई दुकानात एका सांगाड्याशेजारी बसले होते. नीट पाहिल्यावर कळलं की तो त्यांचा विकायचा राहिलेला शेवटचा ट्रॅक्टर आहे. चाकं होती, सीट होती, मधला ट्रॅक्टर नव्हता.

"भाई, हे काय झालं?"

"क्या बताऊं, खुशालराव! कंपनीकून माल येनं बंद. पन गिऱ्हाईक तं माह्यं हाय ना? ज्याचं जे मोडलं, ते याच्यातून काढून देल्लं. मॅग्नेटो मोर्शीले गेला, पंखा दर्यापूरले. तुमाले काय पाह्यजे?"

"पुढं जायचे गियर."

"ते अकोल्याचे सूर्यभानजी कालच घेऊन गेले."

गिऱ्हाईक आपलं म्हणून या माणसानं आपलं दुकान भागाभागानं वाटून टाकलं होतं. मला खरोखर भरून आलं. (गियर मिळाले असते तर आणखी भरून आलं असतं.) तेवढ्यात आतून त्यांच्या बेगम खातूनबी ओरडल्या, "ते सीट कोनाले देऊ नका हो! घरात बसाले तेवढंच राह्यलं!"

भाईंनी डोकं खाजवलं. "उलटा गियर साबूत हाय?"

"तो हाय."

"मंग उलटा चालवा! कंपनी बुडाली, रस्ता थोडाच बुडाला?"

या वाक्यानं मी असा पेटलो की घरी येईपर्यंत त्याचा अर्थही लागला नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी गावात सगळे बैलांचे खांदे शेकत होते. मीही मडगार्डला लोणी-हळद चोळली आणि रीतीप्रमाणे आमंत्रण दिलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आवतण मुंग्यांनी ऐकलं. सकाळी ट्रॅक्टर काळा दिसत होता.

तरी हँडल मारलं, धूर निघाला, आणि आम्ही दोघं पाठमोरे तोरणाकडे निघालो. मी मान मागं वळवून, एक हात चाकावर ठेवून, एका डोळ्यानं रस्ता पाहत होतो. शेजारच्या नत्थुजींच्या कुंपणाचा कोपरा गेला. गेला तर गेला. पुढं जायचं म्हणजे जायचं, मग ते मागं का असेना! शेषराव पाहायला मागून चालत होता. पण ट्रॅक्टर उलटा असल्यामुळे पुढं पाहावं तेव्हा त्याचंच तोंड दिसे. मान मागंच ठेवलेली बरी, असं मी ठरवलं. ती तशीच आखडली.

आम्ही तोरणाशी पोचताच बैल बिचकले. नत्थुजींनी कुंपणाचा सूड म्हणून तिथल्या तिथं झडती, म्हणजे पोळ्यात म्हणायचं टोमण्याचं गाणं, रचली:

"विलायतचा बैल आला, चाले मागं मागं,
कंपनी गेली बुडून त्याची, मालकाले राग,
रॉकेल पेते पिपाभर, शेन नाई देत,
कोन सांगन या बैलाले, कोनीकडं शेत!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!"

सारा गाव हसला. हसू द्या. ट्रॅक्टर तोरणाखाली होता आणि स्वतःच्या पायानं आला होता. सत्यवती आरतीचं ताट घेऊन आली. तिनं भावाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि सर्वांसमोर म्हणाली, "शब्द म्हंजे शब्द. कारभार तुमचाच."

शेषरावाचं तोंड उतरलं. जन्मात एकदाच येतात असे क्षण. मी छाती फुगवली. (मान अजून मागंच होती.)

मग पुरणपोळी हातात घेऊन ती ट्रॅक्टरभोवती फिरली.

"याचं तोंड कोनतं हो?"

"त्याले तोंड नाई."

"आन मान? घुंगरमाळ कोठं बांधू?"

"मानबी नाई."

तोरणाखाली आणलेला बैलाचा मान परत न्यायचा नसतो, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं ती घुंगरमाळ माझ्या गळ्यात घातली, कपाळाला कुंकू लावलं आणि अख्खी पोळी माझ्या तोंडात कोंबली.

"पोटभर खा," ती म्हणाली, "उलट्या गियरनं काई नांगर ओढल्या जात नाई. कारभार तुमचा, तं उद्यापासून नांगरबी तुमालेच ओढा लागन."

तोंड भरलेलं होतं, म्हणून 'नाही' म्हणायला मी आखडलेली मान सगळा जीव एकवटून जोरजोरात हलवली. घुंगरं खळखळून वाजली, आणि साऱ्या पोळ्यानं एका आवाजात हर हर महादेव केलं.