आदर्श दात्याचे जतन

एकट्या राहणाऱ्या वृद्धांना सोबत पुरवणाऱ्या एका संस्थेकडे वृद्ध भरपूर होते, सोबत करणारे स्वयंसेवकही होते; देणग्या मात्र आटत चालल्या होत्या. तेव्हा कार्यकारिणीने ठराव केला, की दान मागण्यापूर्वी दाता समजून घ्यावा. त्यासाठी संख्याशास्त्र शिकलेली एक मुलगी तात्पुरत्या नेमणुकीवर घेण्यात आली. तिला जिन्याखाली जागा मिळाली. उभं राहिलं की डोक्याला पायरी लागे, म्हणून ती बहुधा बसूनच विचार करी.

तिने दात्यांचं वय, पेशा, राहणी, सगळं तपासलं. श्रीमंत लोक फोटोपुरतं देत. तरुण नोकरदार देण्याचा निश्चय करत, आणि निश्चयानेच त्यांचं समाधान होई. न चुकता देणारा गट एकच निघाला: साठी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या बायका.

"म्हणजे आपण ज्यांची सेवा करतो, त्याच आपल्याला पोसतात?" संचालकांनी विचारलं.

"हो सर. आणि आपला माणूस त्यांच्याकडे नियमित जायला लागला, की देणगी थांबते."

"काय कृतघ्नपणा!"

"तसं नाही. मन रमलं की राहून जात असेल."

"थोडक्यात, सोबत केल्यामुळे दाते गळतात."

"तसं लगेच नाही म्हणता येणार. दोन्ही गोष्टी एका वेळी घडतात, एवढंच. कारण शोधायचं तर प्रयोग करावा लागेल."

वाक्य शास्त्रशुद्ध होतं. संचालकांनी ते मनावर घेतलं.

निम्म्या घरांच्या भेटी थांबवण्यात आल्या. देणग्या वाढल्या. मग उरलेल्या निम्म्यांना वेगळी वागणूक नको, म्हणून त्यांच्याही थांबवल्या. स्वयंसेवकांना आभारपत्रं पाकिटात भरण्याचं काम देण्यात आलं. संस्थेचं ध्येय बदललं नव्हतं. ते चुकून साध्य होऊ नये, एवढीच दक्षता घेतली जात होती.

एका दुपारी मुलीला आत्याचा फोन आला. आई गेल्यावर याच आत्याने तिला वाढवलं होतं.

"अगं, तुमच्याकडचे ते निवृत्त पोस्टमन यायचे ना पत्ते खेळायला, ते येईनासे झाले. आजारी आहेत का?"

"नाही आत्या, बरे आहेत."

"मग रुसले असतील. सारखे हरायचे बिचारे. की माणसं कमी पडतात तुम्हाला? म्हणून आज देणगी पाठवली बघ. पोचली की येतील ना?"

मुलीला कारण सापडलं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, हे तिने शाळेत पाठ केलं होतं. आपण दांडा आहोत, हे आज कळलं.

"आत्या, मीच येते संध्याकाळी."

"तू?" आत्या हसली. "ये हो. मागच्या वर्षीपासून 'येते'च म्हणते आहेस."

मुलगी तडक उठली, पायरीवर डोकं आपटलं, आणि डोकं चोळतच संचालकांसमोर उभी राहिली. "सर, भेटी पुन्हा सुरू करा. त्या बायका सोबतीसाठीच पैसे पाठवताहेत. माझी आत्याही, जिच्याकडे आपले पोस्टमन पत्ते खेळायला जायचे. मी आजच तिच्याकडे जाणार आहे."

"त्या तुमच्या आत्या?" संचालक खुर्चीतून उठले. "अहो, आदर्श दात्री आहेत त्या! आमचे पोस्टमन जायच्या आधीही न चुकता द्यायच्या. तुम्ही त्यांच्याकडे जाणं कधी सोडलंत?"

"मागच्या वर्षी. अभ्यास होता, मग ही नोकरी..."

"तेव्हाच त्यांनी द्यायला सुरुवात केली! म्हणजे मूळ योगदान तुमचं. आता भावनेच्या भरात त्यावर पाणी फिरवू नका. आणि आज संध्याकाळी तुम्हाला कायम करण्याची बैठक आहे. आत्या काय, उद्याही असतीलच की."

मुलीने फोन हातात घेतला. नंबर लावला नाही. नोकरी कायम झाल्याचं कळलं तर आत्यालाही आनंदच होईल, असा तिने अंदाज बांधला. तपासला मात्र नाही.

बैठकीत ती कायम झाली. शिवाय एक नवा सन्मान जाहीर झाला: घरच्या वृद्धांकडे न फिरकणाऱ्या नातलगांना 'मूळ हितचिंतक' म्हणून मानपत्र. पहिलं तिलाच मिळालं. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी बरेच जण रांगेत होते.

बाकीची मानपत्रं छापून तयार आहेत. ही गोष्ट वाचायला लागला तेवढ्या वेळात घरच्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला फोन करून झाला असता. आपण तो केला नाहीत, याबद्दल संस्था आपली ऋणी आहे. पत्ता कळवावा.