पान क्रमांक सत्तेचाळीस

“यातला पहिला आनंद जरा समजावून सांगा,” डॉक्टरीणबाई चष्मा पुसत म्हणाल्या. “‘उंदरांनी कुरतडलेल्या फायली वेगळ्या काढून त्यांची यादी करणे.’ याने तुम्हाला बरं वाटतं?”

दप्तरकाका खुर्चीत चुळबुळले. गेली तीस वर्षं ते एका कचेरीची रेकॉर्ड रूम सांभाळत होते, म्हणून सगळे त्यांना दप्तरकाका म्हणत. त्यांच्या बायकोनेसुद्धा मध्यंतरी एकदा चुकून तशी हाक मारली होती.

“दुसरा आनंद, ‘फायलींच्या तुटलेल्या नाड्या बदलणे.’ तिसरा, ‘कपाटांमागील जळमटे काढणे.’ आणि समोर शेरा आहे, ‘शिंका येतात.’” बाईंनी कागद टेबलावर ठेवला आणि आवाज एकदम मऊ केला. “काका, घरी सगळं ठीक आहे ना?”

दप्तरकाकांनी कागद ओढून घेतला, वरची ओळ वाचली आणि घाईघाईने त्याची घडी घातली.

झालं होतं ते असं. काकांचा रक्तदाब वाढला होता. गेल्या भेटीत डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांबरोबर एक अभ्यास दिला होता. सध्या हवा छान झाली आहे, झाडांची पानं गळताहेत, ऊन कोवळं झालंय, तर दिवसभरात ज्या लहानसहान गोष्टींनी बरं वाटतं त्या लिहून आणायच्या. काकांनी त्या मन लावून लिहिल्या. पण तीस वर्षं एकाच पद्धतीने लिहिणाऱ्या माणसाला दुसरं काही लिहिता येत नाही. त्यांनी वर ‘विषय’ लिहिला, रेघा मारल्या, ‘अनुक्रमांक’, ‘तपशील’, ‘वेळ’ आणि ‘शेरा’ असे चार रकाने पाडले आणि शेवटी ‘सादर’ लिहून सही ठोकली. वाण्याकडची यादीसुद्धा ते अशीच करत. त्यात साबणापुढे ‘मागील साठा संपुष्टात’ असा शेरा असे.

नेमकं त्याच आठवड्यात कचेरीतून फर्मान आलं होतं. रेकॉर्ड रूमला स्वतंत्र माणूस हवाच कशाला, असा प्रश्न वरच्या मजल्यावर उपस्थित झाला होता. काकांनी आपल्या रोजच्या कामाचं विवरण द्यावं. काम पुरेसं नसेल तर त्यांना तक्रार खिडकीवर बसवावं, असं घाटत होतं. तक्रार खिडकीवर आधी बसणारा माणूस दोन महिन्यांत घरच्यांशीसुद्धा ‘उद्या या’ असं बोलायला लागला होता. काकांना निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. ती त्यांना रेकॉर्ड रूममध्येच काढायची होती. म्हणून त्यांनी तेही विवरण लिहिलं. तसेच चार रकाने, तशीच सही. दोन्ही कागदांच्या सारख्याच घड्या घातल्या. एक खिशात ठेवला आणि एक मंगळवारी संध्याकाळी हेडक्लार्कच्या हाती दिला.

आता खिशातला कागद इथे होता. म्हणजे दुसरा तिथे.

“बाई, मी येतो,” काका उठले.

“अहो, थांबा! रक्तदाब बघायचाय!”

“आत्ता नका बघू. आत्ताचा बघण्यासारखा नाही.”

कचेरीकडे जाताना त्यांना आपल्या यादीतली एकेक ओळ आठवत होती. पहिल्या तीन निरुपद्रवी होत्या. थंडीत पहिल्यांदा स्वेटर काढल्यावर त्याला येणारा कपाटाचा वास. फाटकापासून पायऱ्यांपर्यंत वाळक्या पानांतून पाय फरफटत चालणं, शेरा, ‘कोणी पाहत नसल्यास’. चहाचा कप दोन्ही हातांनी धरणं. इथवर ठीक होतं. पण चौथ्या ओळीत त्यांनी आपल्या हाताने, आपल्या सहीनिशी लिहिलं होतं: ‘रेकॉर्ड रूम, तिसऱ्या रांगेमागील खुर्ची. पावणेदोन ते सव्वादोन ऊन थेट मांडीवर येते. डोळे मिटून बसणे. शेरा: घोरू नये.’ आणि पाचवी ओळ होती, ‘मॅडम बाहेरगावी असणे. शेरा: फार क्वचित.’

मॅडम म्हणजे कचेरीच्या मुख्य अधिकारी. त्या मोठ्याने बोलत नसत. नुसतं वर बघत, आणि समोरच्याला आपली आतापर्यंतची सगळी पापं आठवत.

सहावीही एक ओळ होती. पण ती घरगुती होती आणि तिची भीती बाळगायला काकांकडे सवड नव्हती.

आज फाटकापासून पायऱ्यांपर्यंत पानांचा हा एवढा थर साचला होता. काका त्यातून चक्क पळत गेले. हेडक्लार्क आपल्या टेबलाशी लाल शाईच्या पेनाला टोपण लावत होता. कागदातला मजकूर वाचणं हे आपलं काम नाही, असं त्याचं स्वच्छ मत होतं. तो समास बघे, रकाने बघे, सही बघे, आणि कोपऱ्यात लाल शाईने पान क्रमांक घाली.

“माझा कालचा कागद परत द्या बघू,” काका धापा टाकत म्हणाले. “चुकीचा दिला. बरोबर हा आहे.”

“चुकीचा कसा? रकाने बरोबर होते.”

“रकाने बरोबर आहेत हो! आतलं चुकलंय!”

“आता काय उपयोग? क्रमांक पडला. सत्तेचाळीस.” हेडक्लार्कने हात झटकले. “क्रमांक पडलेलं पान काढता येत नाही. काढायचं असेल तर मॅडमना अर्ज द्या. कोणतं पान, का काढायचं आणि त्यात काय आहे ते सविस्तर लिहा.”

“त्यात काय आहे ते लिहू?”

“सविस्तर.”

“मग फाईल तरी दाखवा.”

“ती वर गेली,” हेडक्लार्क म्हणाला आणि त्याने काकांचा खरा कागद निरखून बघितला. “हासुद्धा छान आहे. अठ्ठेचाळीस घालू?”

काकांनी कागद खिशात कोंबला आणि जिना चढले. मॅडमच्या दाराशी शिपाई बसला होता. काकांनी त्याच्या खांद्यावरचं फडकं ओढून घेतलं आणि “धूळ झटकायला बोलावलंय” असं पुटपुटत ते आत शिरले. मॅडम कुठलासा कागद वाचत होत्या. त्यांच्या डाव्या हाताला फायलींचा गठ्ठा होता आणि ‘रेकॉर्ड रूम: कर्मचारी आवश्यकता’ ही फाईल अगदी वर होती. तिच्यावर मॅडमचा चहाचा कप होता.

काकांनी आधी खिडकीचा कठडा पुसला. मग टेबलाचा कोपरा पुसला. मग कपाभोवतीची फाईल पुसायला लागले.

मॅडमनी वर बघितलं. “तुम्ही धूळ कधीपासून पुसायला लागलात?”

काकांची पाचावर धारण बसली. अशा वेळी माणसाने खरं बोलावं किंवा गप्प बसावं. काका यातलं काहीच न करता म्हणाले, “मॅडम, या फाईलला वाळवी आहे.”

“वाळवी?”

“मला लांबूनच कळतं. तीस वर्षांचा अनुभव. ही मी खाली नेतो, नीट झटकतो, उन्हात ठेवतो आणि उद्या आणून देतो.”

बेत चांगला होता. त्यात एकच खोट होती. मॅडम कुठलंही काम अर्धवट करत नसत.

“एका फाईलला आहे म्हणजे बाकीच्यांनाही असेल,” त्या उठल्या आणि घंटी वाजवली. “टेबलावरच्या, कपाटातल्या, सगळ्या फायली अंगणात न्या. उन्हात पसरा. मी समोर उभी राहून बघणार आहे.”

अर्ध्या तासात अख्खी कचेरी अंगणात होती. सतरंज्यांवर फायली उघड्या पसरलेल्या, वरून झाडांची पिवळी पानं अलगद पडताहेत, आणि जो तो हातातलं काम टाकून वाळवी बघायला आलेला. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं पाठीवर ऊन घेत खुशाल गप्पा मारू लागली. कोणीतरी चहा आणवला. हेडक्लार्कनेसुद्धा कप दोन्ही हातांनी धरला होता. काकांना ते दिसलं आणि एरवी त्यांना गंमत वाटली असती. पण ते गुडघ्यांवर बसून सतरंजीवरून सरकत सरकत त्या फाईलकडे निघाले होते. वाऱ्याने तिची पानं फडफडत होती. चव्वेचाळीस. पंचेचाळीस. काकांनी हात पुढे केला.

तेवढ्यात दुसऱ्या बाजूने एक हात आला आणि त्याने फाईल उचलली.

“हीच ना ती?” मॅडम म्हणाल्या. “बघू, कुठे लागलीय वाळवी.”

त्या उन्हाकडे पाठ करून उभ्या राहिल्या आणि एकेक पान उलटू लागल्या. सत्तेचाळिसाव्या पानावर त्या थांबल्या. दप्तरकाका गुडघ्यांवरच बसून राहिले. मॅडमनी पान वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मध्येच त्यांनी खाली बघितलं आणि पायाने दोन वाळकी पानं जराशी सरकवून पाहिली.

“वाळवी कुठे दिसत नाही,” एवढंच म्हणून फाईल काखेत धरून त्या वर गेल्या.

त्या दिवशी दुपारी पावणेदोनला काकांच्या खुर्चीवर ऊन आलं आणि सव्वादोनला गेलं. काका समोर स्टुलावर बसून नुसते त्याच्याकडे बघत होते. खुर्चीच्या मागच्या पायाखाली ठेवलेली कागदाची घडी पुन्हा निसटून बाजूला पडली होती. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी काका मुख्य कचेरीत टपाल पोचवायला जात, आणि दुसऱ्या दिवशी बघावं तर ती घडी हटकून जागेवर नसे. काका उंदरांना बोल लावत. आज त्यांनी घडी मुकाट्याने परत पायाखाली सारली. पुढच्या माणसाला तरी खुर्ची डुगडुगायला नको.

घरी गेल्यावर ते धड जेवले नाहीत. बायकोने विचारलं, “अहो, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या?”

“जळमटं काढण्यात आनंद नसतो म्हणाल्या.”

“ते मीही सांगितलं असतं,” ती म्हणाली आणि जास्त खोदून विचारत बसली नाही.

गुरुवारी सकाळी हेडक्लार्क स्वतः फाईल घेऊन रेकॉर्ड रूममध्ये आला. “निर्णय झाला,” म्हणून त्याने फाईल ठेवली आणि तो गेला. त्याने ती अर्थातच वाचली नव्हती. काकांनी दार लावलं, तक्रार खिडकीवर डबा कुठे ठेवता येईल याचा विचार केला आणि मग फाईल उघडली. मॅडमचं अक्षर बारीक आणि सरळ होतं.

‘पान क्रमांक ४७ पाहिले. सदर कर्मचारी व रेकॉर्ड रूम एकमेकांपासून वेगळे करणे शक्य दिसत नाही. आहे तेथेच ठेवावे.’

काकांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी ती ओळ तीनदा वाचली, चष्मा काढून डोळे पुसले आणि मगच पुढे गेले.

‘अनु. २: फाटक ते पायऱ्या यांमधील पाने सकाळी साडेदहापूर्वी झाडू नयेत.

अनु. ४: खुर्चीचा मागचा उजवा पाय डुगडुगतो. कागदाची घडी पुरत नाही, निसटते. सुताराकडून दुरुस्त करून घ्यावी. मंगळवारी व शुक्रवारी ही जागा नेहमीप्रमाणे राखीव राहील.’

काकांनी खुर्चीकडे बघितलं. मग खुर्चीखालच्या घडीकडे बघितलं. विनाकारण बोल लावलेल्या उंदरांची त्यांनी मनातल्या मनात माफी मागितली.

‘अनु. ५: सहमत. मलाही बाहेरगावीच बरे वाटते.

अनु. ६: संबंधित व्यक्तीस ही बाब अद्याप कळवलेली नाही, असा शेरा आहे. हे गंभीर आहे. तीन दिवसांत कळवून, त्यांच्या सहीसह अहवाल सादर करावा.’

हे वाचून मात्र काकांना घाम फुटला.

शुक्रवारी पहाटे ते बायकोच्याही आधी जागे झाले आणि पांघरुणात पडून राहिले. ती उठली. नेहमीसारखी तिने खिडकी उघडली, गार हवा आत आली, तिने पदर खांद्याभोवती गुंडाळून घेतला आणि बाहेर बघत म्हणाली, “गार झालंय हो.”

“हे,” काका ताडकन उठून बसले.

“काय हे?”

“हेच. हेच ते.” त्यांनी उशीखालून, रात्री रकाने पाडून उतरवून घेतलेल्या सहाव्या ओळीचा कागद काढला, चष्मा लावला आणि घसा खाकरून वाचलं, “अनुक्रमांक सहा. पत्नी सकाळी खिडकी उघडून ‘गार झालंय हो’ म्हणते, तेव्हा. वेळ, सहा दहा. शेरा, तिला सांगितलेले नाही.”

ती खिडकीशी तशीच उभी राहिली. खालच्या रस्त्यावर कोणीतरी वाळक्या पानांवरून चालत गेलं, त्याचा आवाज वरपर्यंत आला.

“एवढ्याने तुम्हाला बरं वाटतं?”

“फार,” काका म्हणाले. हे बोलायला त्यांना वाटलं होतं तितकं जड गेलं नाही.

“मग इतकी वर्षं सांगायला काय झालं होतं?”

“आदेश नव्हता.”

ती हसायला लागली. हसता हसता तिने डोळ्यांना पदर लावला आणि हवेला उगाच नावं ठेवली. काकांनी कागद पुढे केला. “इथे सही लागेल तुझी.”

तिने पेन घेतलं, रकान्यात नीट सही केली. मग कागद लगेच परत न देता ती पलंगाच्या कडेवर बसली, जराशी विचारात पडली, आणि तीस वर्षं एका दप्तरकाकांशी संसार केलेल्या बाईने शेऱ्याच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं, ‘फार उशिरा प्राप्त. यापुढे दररोज सादर करावे.’